साडी, किमोनो आणि खोक्याचा कॅमेरा

मुलांची ऐतिहासिक वेशभूषा म्हटलं की आपण शिवाजी महाराज आणि झाशीच्या राणीपाशी थांबतो. पुठ्ठ्याच्या तलवारी मोडतात, कोणीतरी रडतं, संपलं. घरी चहापार्टी करायची असेल तर त्यापेक्षा एक जुना फोटो निवडा आणि सगळं त्यावर बेता.

आम्ही निवडला 10 ऑक्टोबर 1885 चा, फिलाडेल्फियातला. महिलांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकणाऱ्या तिघी त्यात आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. फोटो नेटवर सहज मिळतो. मोठा प्रिंट काढून आठवडाभर आधी भिंतीवर लावा. आपल्या नागपूरचं संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, तेव्हा 22 वर्षांचा होता आणि इथली कापडगिरणी एम्प्रेस मिल सुरू होऊन 8 वर्षं झाली होती, एवढं सांगितलं की मुलांना काळाचा अंदाज येतो.

मग पुस्तक. वाचनालयातून आनंदीबाईंचं चरित्र आणा, पण अख्खं वाचायला लावू नका. रोज रात्री दोन पानं पुरे. अमेरिकेत ज्यांनी घरी ठेवून घेतलं त्या न्यूजर्सीच्या कार्पेंटरबाईंना आनंदीबाई ‘मावशी’ म्हणत, हे आमच्याकडे सगळ्यांना फार आवडलं. पार्टीत प्रत्येकाने या मावशीला चार ओळींचं पत्र लिहायचं, असं तिथेच ठरलं.

कपड्यांना खर्च नको. अमेरिकेच्या थंडीत आनंदीबाई नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. हे आपल्या पथ्यावर पडतं: आईची जुनी सुती साडी कमरेशी दुमडून लेगिंगवर नेसवा, पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणा, दोन सेफ्टी पिना. किमोनोसाठी आजीचा पुढून उघडा, सैल गाऊन आणि कमरेला रुंद ओढणी. डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटं जपानमध्ये मृतदेहाला नेसवतात. इस्लामबूलींसाठी लांब झगा आणि मोठी ओढणी चालेल. कमी पडलं तर इतवारीच्या बाजारात कटपीस आहेतच. फोटोत मुलगे नाहीत, म्हणून आमचा भाचा रुसला होता. त्याला फोटोग्राफर केलं: पुठ्ठ्याचं खोकं, डब्याचं झाकण, डोक्यावर काळं कापड. सगळ्यांनी दहा आकडे होईपर्यंत हलायचं नाही. पार्टीत सर्वात जास्त हशा इथेच पिकतो.

खाण्याचं म्हणाल तर तर्री पोहे नकोत. उसन्या साडीवर तर्रीचा डाग पडला की मैत्री तुटते. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तीही तेलकट, हात पुसायला पदर जवळच असतो. संत्र्याच्या फोडी, संत्रा बर्फी, चकली ठेवा. चहा दोन प्रकारचा: एक दूध-साखरेचा, पातळ आणि कोमट, दुसरा जपानी, हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, कान नसलेल्या छोट्या वाटीत. दुसऱ्याला तोंडं वाकडी होतात, होऊ द्या. चहा आपल्याकडे घरोघरी पोचला तो विसाव्या शतकात, हेही तेव्हाच सांगून टाका.

डिसेंबरातली दुपारी चारची वेळ उत्तम. मे महिन्यात नागपुरात कोणी साडीवर ओढणी घेत नाही. सहा-सात मुलं बस झाली, दीड तास पुष्कळ. पिना मोजून द्या आणि मोजूनच परत घ्या. आमच्याकडची एक दुसऱ्या दिवशी सोफ्यात सापडली, तीही मला, बसताना.