पाण्यातल्या सूक्ष्मजीवाची नवी प्रजाती? नाव देण्याआधी या चुका टाळा

तळ्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला आणि कुठल्याच पुस्तकात न सापडणारी पेशी दिसली, की नाव ठेवायला हात शिवशिवतात. पण ती नवी नसून नुसती चेपलेली असू शकते. कव्हरस्लिपखालचं (थेंबावर ठेवलेल्या पातळ काचेखालचं) पाणी सुकतं तशी काच खाली बसते आणि पेशी पसरते. मी एकदा ‘रुंद, चपटी’ असं वर्णन लिहून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी काचेच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके लावून पाहिलं, तर तोच जीव चांगला गरगरीत! मापं मोकळ्या पोहणाऱ्या पेशींची घ्या, तीही वीस-तीस तरी. दाबून केंद्रक बघणं नंतर.

सगळा नमुना लगेच ल्युगॉलमध्ये (नमुना टिकवणाऱ्या आयोडीनच्या द्रावणात) घालू नका. पेशी आक्रसतात, मूळ रंग जातो, नाजूक फ्लॅजेलेट (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे जीव) तर फुटूनही जातात. निम्मा नमुना जिवंत ठेवा.

एकच जीव अनेक सोंगं घेतो. नेग्लेरियाचा अमीबा डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका, दोनेक तासांत त्याला कशाभिका (त्याच चाबकासारख्या शेपट्या) फुटून तो पोहू लागतो. परिस्थिती बिघडली की पुटी, म्हणजे कवचात मिटून पडलेली पेशी. घाई केली तर एका जीवाच्या तीन ‘प्रजाती’. उलटही घडतं. पॅरामेशियम ऑरेलिया हा एकपेशीय जीव एकच प्रजाती मानला जायचा. जीवशास्त्रज्ञ सोनबॉर्न यांनी १९७५ साली त्याच्यातल्या १४ प्रजातींना वेगळी नावं दिली. दिसायला जवळपास सारख्या, पण एकमेकींत संकर नाही.

म्हणून १८एस जनुकाचा (प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा) डीएनए क्रम हवाच, मात्र तो जुळला म्हणजे प्रजाती तीच असं नाही. हे जनुक फार सावकाश बदलतं. आणि क्रम भलत्याच जीवाचा आला तर? बहुधा पेशीने खाल्लेला, पोटातला डायटम (एक सूक्ष्म शैवाल) बोलतोय. पेशीला दिवसभर उपाशी ठेवा, बारीक ओढलेल्या काचनळीने उचलून गाळलेल्या निर्जंतुक पाण्याच्या तीन-चार थेंबांतून धुवा. पीसीआरआधी (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेआधी) फोटो काढा, नंतर पेशी उरत नाही.

नामकरणाची संहिता (नावं देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) प्राण्यांची की शैवालांची, ते आधीच ठरवा. युग्लिनासारख्या हिरव्या, पोहणाऱ्या जीवांवर दोन्ही संहिता हक्क सांगतात. प्राण्यांच्या संहितेखाली केवळ ऑनलाइन प्रसिद्ध होणाऱ्या लेखाची झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंद नसेल, तर नाव ग्राह्य धरत नाहीत. शैवालांसाठी जिवंत कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जीव) टाइप, म्हणजे नावाचा अधिकृत संदर्भ-नमुना, म्हणून चालत नाही. सिलिएटची (बारीक केसांनी पोहणाऱ्या जीवाची) प्रोटारगॉल या चांदीयुक्त रंगद्रव्याने रंगवलेली काचपट्टी संग्रहालयात देताना टाइप पेशीभोवती शाईने गोल करा. शेकडो पेशींच्या गर्दीत पुढच्याने ती कुठे शोधायची?