घुमटवादक आजोबांना भेटायला जाताना

घुमट म्हणजे एका तोंडावर चामडं ताणून बसवलेलं गोव्याचं मातीचं वाद्य. ते वाजवणाऱ्या आजोबांवर बातमी लिहायची असेल, तर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत जाऊ नका. घरोघरच्या आरत्यांतून त्यांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. पाऊस ओसरल्यावर, दुपारच्या चहाच्या वेळी जा. डिचोलीतल्या एका आजोबांकडे मी पहिल्यांदा गेले ती मोबाईल पुढे धरूनच. ते गप्प बसून राहिले. दुसऱ्या खेपेला मोबाईल पिशवीतच ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी घुमट मांडीवर घेतलं.

हात बघा. एक हात चामड्यावर पडतो, दुसरा मागच्या लहान तोंडावर. ते तोंड झाकलं-उघडलं की नाद बदलतो. हे नुसतं ऐकून टिपता येत नाही, म्हणून व्हिडिओ बाजूने घ्या. साथीला शमेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि झांज वाजवणाऱ्यांची नावंही लिहून घ्या, बातमीत नेमकी तीच गळतात.

चामड्याचा विषय जपून काढा. पूर्वी घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. आता बकऱ्याचं लावतात. आवाजात काय फरक पडला, हे मात्र जरूर विचारा. आमचे आजोबा त्यावर तासभर बोलले.

छापून आलं की अंक स्वतः नेऊन द्या, आणि रेकॉर्डिंग नातवंडांच्या मोबाईलवर टाकूनच घरी परता.