ओढ्याकाठी वाळुंज कसा लावावा

नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कडवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयाला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. त्या जलाशयात उतरणारा गाळ वरच्या ओढ्यांच्या काठांवरून आणि शेतांतून येतो. काठ धरून ठेवायला वाळुंज, म्हणजे आपल्याकडचं विलोचं झाड लावा. वाऱ्यात पान उलटलं की खालची रुपेरी बाजू चमकते, त्यावरून झाड लांबून ओळखू येतं.

बियांच्या नादी लागू नका. कापसासारख्या तंतूंचं हे बारीक बी काही दिवसांतच उगवण गमावतं. फेब्रुवारीत छाट कलमं करा. गेल्या वर्षीची, अंगठ्याएवढी जाड फांदी घ्या. पाऊण फुटाचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करा. खालचा काप तिरका, वरचा सपाट ठेवा, म्हणजे कलम उलटं लागणार नाही. तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावा. दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत पिशवीत भरा आणि कलमाचा दोन तृतीयांश भाग मातीत जाऊ द्या.

फसगत इथे होते: पालवी फुटली की लोकांना मुळं धरली असं वाटतं. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असते. पाणी तोडलं की चार दिवसांत काळी पडते. कलम उपटून बघू नका. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ दिसेपर्यंत माती ओली ठेवा.

नर आणि मादी झाडं वेगळी असतात. म्हणून चार-पाच झाडांवरून कलमं घ्या, नाहीतर सगळी रांग एकाच लिंगाची होईल.

जूनअखेर रोपं काठालगत एकमेकांपासून ३-४ मीटरवर लावा. पूर थेट आदळतो तिथे पिशवीतलं रोप टिकत नाही. तिथे वाळुंजाचाच मनगटाएवढा, पाच फुटी खुंट दोन फूट खोल ठोका. पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण हवंच, शेळ्या पाला सोडत नाहीत. विहीर आणि प्लास्टिकचं शेततळं यांपासून मात्र लांब ठेवा, मुळं पाण्याकडे धावतात.

लवचीक फोकांच्या टोपल्या विणतात. पाला जनावरांना चालतो, लाकूड हलकं असतं आणि त्याचा कोळसा पूर्वी बंदुकीच्या दारूत जाई. साल कातडी कमावायला आणि तापावर वापरत. काढा मनाने घेऊ नका, वैद्यांना विचारा. आणि साल बुंध्याभोवती गोल सोलू नका. तेवढ्याने उभं झाड मरतं.