धावून जाण्याआधी : दाबाखालील वायू आणि पहिली काही मिनिटे

औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन मी रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात रुजू झालो, तेव्हा मला क्लोरीनची धास्ती होती आणि नायट्रोजनची मुळीच नव्हती. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो आपण प्रत्येक श्वासाबरोबर घेतो, मग त्याचे भय ते कसले, असे मला वाटे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या अनेकांची समजूत आजही हीच असते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या पावसाळ्यात दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या, रासायनिक क्रिया घडवण्याच्या एका बंद टाकीच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमध्ये एका कंत्राटी मदतनिसाचा पाना पडला. तो कुठे पडला हे पाहण्यासाठी तो नुसता वाकला. आत उतरला नाही, केवळ डोके आणि खांदे आत गेले. मी पंधरा-वीस पावलांवर होतो. त्याचे हेल्मेट आत आदळल्याचा आवाज आला आणि तो मॅनहोलच्या कडेवर ओल्या कपड्यासारखा लोंबकळला. मी धावलोच होतो, पण आमच्या वयस्क फिटरांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "साहेब, थांबा. आधी नळी बघा." नायट्रोजनची नळी जोडलेलीच राहिली होती आणि तिचा व्हॉल्व्ह पुरता बंद नव्हता. त्यांनी तो बंद केला, आणि मग आम्ही दोघांनी आपली तोंडे मॅनहोलपासून दूर ठेवून, श्वास रोखून, कमरेचा पट्टा धरून त्याला मागे ओढले. मोकळ्या हवेत मिनिटाभरात तो शुद्धीवर आला. आपल्याला काय झाले हे त्याला सांगता येत नव्हते, कारण त्याला काहीही जाणवले नव्हते.

हे न जाणवणे हाच नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम यांसारख्या वायूंचा खरा धोका आहे. गुदमरल्याची भावना ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, आणि नायट्रोजनने भरलेल्या जागेत श्वास नेहमीसारखा चालू असल्याने तो साचतच नाही. हवेतील ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा प्रवेशास असुरक्षित मानली जाते, आणि ६ टक्क्यांच्या खाली एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण १५० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दीडशेपट, दाबाखाली सुमारे ७ घनमीटर वायू असतो. दहा बाय दहा फुटांच्या बंद खोलीत असा एक सिलिंडर पूर्ण गळला, तर तिथला ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास येतो. गाळणी डबीचा मुखवटा अशा ठिकाणी निरुपयोगी असतो, कारण तो हवा गाळतो, ऑक्सिजन निर्माण करत नाही. तिथे पाठीवर हवेचा सिलिंडर असलेले श्वसनयंत्रच लागते. एक पडला, त्याला काढायला दुसरा गेला आणि तोही पडला, ही घटना टाक्यांमध्ये, विहिरींमध्ये आणि तळघरांमध्ये पुन्हा पुन्हा घडते, म्हणून पुरवठा बंद करणे, मदतीला हाक मारणे आणि १०८ ला फोन लावणे ही कामे आत पाऊल टाकण्याआधीची आहेत.

बाहेर आणलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल, तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. ३० दाबांनंतर २ श्वास. वायू विषारी असेल तर तोंडाला तोंड लावू नये, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची मुखवटा लावलेली पिशवी) वापरावी.

दाबातून सुटणाऱ्या वायूच्या थंडीने होणाऱ्या इजेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कार्बन डायऑक्साइड भरण्याच्या जागी एकाची तीन बोटे फवाऱ्याखाली आली, तेव्हा ती मेणासारखी पांढरी आणि कडक झाली होती. एक जण ती चोळू लागला आणि दुसरा कढत पाणी घेऊन आला. दोन्ही चूक, कारण चोळल्याने गोठलेली कातडी फाटते आणि बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. अंगठी काढून ३७ ते ४० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात बोटे बुडवून ठेवावीत, चिकटलेला हातमोजा ओढू नये, आणि रक्त परत येताना होणाऱ्या वेदनेची कल्पना त्याला आधीच द्यावी.

संपीडित हवेच्या नळीने कपड्यांवरची धूळ झटकण्याची सवय मात्र कोणत्याही कारणाने खपवून घेऊ नका. हवा त्वचेखाली शिरली, तर बाहेर सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत गंभीर इजा झालेली असते.

क्लोरीनविषयी मला एका चुकीची बोच अजून आहे. पाणी शुद्धीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या टोनरमध्ये, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये, सुमारे ९०० किलो द्रव क्लोरीन असतो आणि त्याचा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने खोलगट जागी साचतो. २०१० च्या जुलैत मुंबईत शिवडीजवळ जुन्या सिलिंडरमधून गळती झाली, तेव्हा शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. आमच्याकडे गळती लहानशी होती. गॅस लागलेल्या कामगाराचे डोळे आम्ही पंधरा मिनिटे पाण्याने धुतले, कपडे बदलले, त्याला टेकवून बसवले. कुणीतरी दूध-गूळ आणला होता, तो मी देऊ दिला नाही. तासाभराने तो म्हणाला, "आता बरं वाटतंय, घरी जातो," आणि मी त्याला जाऊ दिले. पहाटे त्याच्या भावाने त्याला धाप लागलेल्या अवस्थेत रुग्णालयात आणले. फुप्फुसांत पाणी साचले होते. तो वाचला. क्लोरीनचा हा परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो, म्हणून रुग्णाला चालवू नये, जिना चढवू नये आणि निदान २४ तास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे.

तेव्हापासून आमच्या प्रथमोपचार पेटीत छापील चिठ्ठ्या असतात : वायूचे नाव, किती वाजता लागला, किती मिनिटे, काय उपचार केले. ती चिठ्ठी रुग्णाच्या खिशात न ठेवता सोबत जाणाऱ्याच्या खिशात द्यावी, कारण रुग्णाचे कपडे आपण उतरवून ठेवलेले असतात.