वेर्ण्यातून दिवे बाहेर पाठवताय? आधी हे बघा

गोव्यातल्या वेर्ण्यात एलईडी दिवे बनवताय आणि बाहेरची ऑर्डर आलीय, तर आधी माल कुठल्या देशात जाणार ते पक्कं करा, नुसत्या बीआयएसच्या, म्हणजे आपल्या भारतीय मानकाच्या मार्कावर तिथे भागत नाही. युरोपला सीई मार्क लागतो, म्हणजे माल तिथल्या नियमांत बसतो असं आपणच जाहीर करायचं, पण टेस्ट रिपोर्टसकट टेक्निकल फाइल १० वर्षं जपायची. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची, तिथे यूएलसारख्या सेफ्टी तपासणाऱ्या लॅबचा मार्क घ्या, लॅबवाले नंतर कारखान्यातही तपासायला येतात. देश जास्त असतील तर सीबी रिपोर्ट, म्हणजे बऱ्याच देशांत मानला जाणारा टेस्ट रिपोर्ट काढा, बरंचसं टेस्टिंग परत करावं लागत नाही. आणि मनापासून सांगतो, सॅम्पल पास झालं की स्वस्तातला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) घालू नका, अर्थिंगचा स्क्रूसुद्धा लॅबला न विचारता बदलू नका, कुणाच्यातरी घरात लागणार आहे तो दिवा.