मोठ्या रेझपुढे चांगली पाने: टूर्नामेंट पोकरमधील या चुका टाळा

टूर्नामेंटमध्ये तास-दोन तास पाने टाकून दिल्यावर एकदाची गुलामांची किंवा राण्यांची जोडी हाती येते, आणि नेमका त्याच वेळी आपल्या आधीचा खेळाडू नेहमीच्या सव्वादोन पटींऐवजी बिग ब्लाइंडच्या (पाने वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने भरायच्या रकमांपैकी मोठीच्या) चौपट रेझ करतो, म्हणजे बोली वाढवतो. अशा जागी होणारे नुकसान बहुधा एकाच निर्णयातून होते: ‘एवढी चांगली पाने सोडायची कशी, आधी फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पाने) तर पाहू’ असे म्हणून केलेला कॉल, म्हणजे तेवढीच रक्कम भरून डावात राहणे. स्टॅक (जवळच्या चिप्सचा साठा) खोल असेल तर तो चालून जातो. वीस-पंचवीस बिग ब्लाइंडएवढ्या स्टॅकवर मात्र तो बहुतेक वेळा सर्वांत महाग पर्याय ठरतो.

फ्लॉप पाहण्यापुरता कॉल

नेहमीचा प्रसंग घेऊ. ब्लाइंड १,०००–२,००० आहेत, बिग ब्लाइंडवरच्या खेळाडूने भरायचा अँटी (ब्लाइंडशिवायचा जादा सक्तीचा भरणा) २,००० आहे, आणि तुमच्याजवळ व समोरच्याजवळ प्रत्येकी ५०,००० चिप्स आहेत. मधल्या जागेवरचा खेळाडू ८,००० लावतो. तुम्ही बटणावर (तुमच्यामागे फक्त ब्लाइंडवाले उरतात त्या जागेवर) आहात आणि हातात गुलामांची जोडी आहे. तुम्ही कॉल केला आणि ब्लाइंडवाल्यांनी पाने टाकली, तर पॉट (मध्ये जमलेली एकूण रक्कम) २१,००० चा होतो आणि तुमच्याकडे ४२,००० उरतात. गुलामांच्या जोडीवर फ्लॉपमध्ये राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक पान येण्याची शक्यता ५७ टक्के आहे, तर तिसरा गुलाम येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. फ्लॉप राजा-सत्ती-चौकी असा पडला आणि समोरच्याने १०,००० लावले, की आपण पुढे आहोत की मागे हे ठरवायला हाताशी काहीच राहत नाही. पाने टाकली तर स्टॅकचा सहावा हिस्सा गेला, आणि धरून ठेवली तर टर्नवर (चौथ्या सामाईक पानावर) उरलेले सगळे पणाला लागते.

आता त्याच जागी ऑल-इनचा, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पणाला लावण्याचा हिशेब करू. त्याने पाने टाकली तर पॉटमधील १३,००० तुमचे, म्हणजे स्टॅकमध्ये एका झटक्यात चतुर्थांशाहून अधिक भर. राणी, राजा व एक्का यांच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्याच पानांवर तो कॉल करील असे धरले, तर कॉल झाल्यावर गुलामांची जोडी सुमारे ३६ टक्के वेळा जिंकते. १,०५,००० च्या पॉटमध्ये तुमचा सरासरी वाटा ३८,००० च्या आसपास भरतो, म्हणजे सुमारे १२,००० चा तोटा होतो. थोडक्यात, त्याने निम्म्याच्या आसपास वेळा पाने टाकली की ऑल-इन परवडते. कोणतीही जोडी ६ प्रकारे हाती येऊ शकते आणि एक्का-राजा १६ प्रकारे, म्हणून कॉल करणारी पाने ३४ प्रकारांची झाली. हा खेळाडू अठ्ठी, नव्वी, दश्शी यांच्या जोड्या आणि एक्का-राणी घेऊनही एवढाच मोठा रेझ करत असेल, तर ते आणखी ३४ प्रकार झाले आणि तराजू जवळपास समतोल झाला. यातल्या दश्शीच्या जोडीवर त्याने कॉल केला तरी आपले बिघडत नाही, कारण तेथे आपण ८१ टक्के पुढे असतो. ब्लाइंडवाल्यांपैकी एखाद्याकडे मोठी जोडी असण्याचा धोका या हिशेबात धरलेला नाही. तो थोडा असला तरी आहेच. उलट समोरचा फक्त पहिल्या ३४ प्रकारांवरच ८,००० लावणारा असेल, तर गुलामांची जोडी निमूटपणे टाकावी.

एक्का-राजाला जोडीसारखे खेळणे

एक्का-राजा हे मुळात न लागलेले पान आहे. फ्लॉपवर त्याची जोडी लागते ती तीनात एकदा. सगळी पाच पाने पाहायला मिळाली तर सुमारे निम्म्या वेळा. त्यामुळे कॉल करून फ्लॉपवर पाने टाकणारा खेळाडू या हाताची निम्मी ताकद वाया घालवतो, आणि कमी स्टॅकवर ऑल-इन करणारा ती पूर्ण वापरतो. शिवाय एक्का आणि राजा आपल्या हातात असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची किंवा राजांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात. राण्यांच्या जोडीपुढे वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा ४३ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे कॉल झाला तरी गोष्ट हाताबाहेर जात नाही.

एक्का-राणीला हे लागू होत नाही. ती दिसते तशीच देखणी, पण एक्का-राजापुढे तिला साधारण चारात एक एवढीच संधी असते, आणि मोठ्या रेझमागे एक्का-राजाच वारंवार निघतो. पहिल्या जागेवरून आलेला मोठा रेझ असेल तर एक्का-राणी टाकताना हळहळण्याचे कारण नाही.

फक्त आकडा पाहणे

८,००० चा रेझ ५०,००० वाल्याने केला आणि २०,००० वाल्याने केला, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याकडे १२,००० च उरलेले असतात आणि तो सहसा मागे फिरत नाही. त्याच्यापुढे कॉल हा पर्याय मनातून काढून टाकावा आणि ऑल-इन किंवा फोल्ड (पाने टाकणे) यांतूनच निवडावे. रेझ कोठून आला तेही पाहावे, कारण आठ जण मागे असताना केलेला रेझ आणि बटणावरून केलेला रेझ एकाच मापाने मोजता येत नाहीत. माझे स्वतःचे मत असे, की हौशी खेळाडूंचा अवाजवी मोठा रेझ बऱ्याचदा गुलाम-दश्शीच्या जोडीचा असतो: त्यांना फ्लॉपच नको असतो. एक्के हातात असले की तेच खेळाडू ग्राहक पळू नये म्हणून रेझ लहान ठेवतात.

एक्क्यांची जोडी लपवण्यासाठी केलेला नुसता कॉल आणखी दोघा-तिघांना आत घेतो. एका अनोळखी हातापुढे एक्के ८५ टक्के जिंकतात, चौघांपुढे मात्र ५६ टक्केच.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर

टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही, पण चिप्स संपल्या की खेळ संपतो. म्हणून बबलवर (बक्षिसाच्या जागा सुरू होण्याच्या अगदी आधी), विशेषतः आपल्यापेक्षा मोठ्या स्टॅकच्या रेझपुढे, वरचा काठावरचा ऑल-इन चुकीचा ठरतो. याचे टोकाचे उदाहरण सॅटेलाइटमध्ये (मोठ्या स्पर्धेचे प्रवेशतिकीट हेच बक्षीस असलेल्या टूर्नामेंटमध्ये) सापडते: दहा जणांना सारखीच तिकिटे मिळणार आहेत, अकरा जण उरले आहेत आणि तुमचा स्टॅक मोठा आहे, तर दुसऱ्या मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनपुढे एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणे बरोबर असते.

बोलण्याआधी चिप टाकणे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाल्यावर पडद्यावर शिकलेले अनेक जण पणजीच्या कॅसिनोंतील टेबलांकडे वळले असतील, तर ही चूक त्यांच्यासाठी सांगायला हवी. ५,००० च्या रेझपुढे तुम्ही राजांची जोडी घेऊन काहीही न बोलता २५,००० ची एकच चिप पुढे टाकली, तर टूर्नामेंटच्या प्रचलित नियमांप्रमाणे तो ५,००० चा कॉल मानला जातो. रेझ करायचा असेल तर ‘रेझ’ हा शब्द चिप टेबलाला लागण्यापूर्वी उच्चारावा लागतो, आणि रक्कम एकदाच, एका हालचालीत किंवा तोंडाने सांगून पुढे करावी लागते.