स्वस्तातली बोल्ट-ॲक्शन रायफल घेताय? या चुका टाळा

हरभरा घाट्यात आला की रोह्यांचे (नीलगायींचे) कळप उतरतात, भुईमुगाच्या वाफ्यात रानडुकरं नांगरट करून जातात आणि मग पारावर रायफलीचा विषय हमखास निघतो. कुणीतरी मोबाइल पुढं करतो. त्यात एक अमेरिकन माणूस सॅवेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन आणि मॉसबर्ग पेट्रियट या स्वस्तातल्या बोल्ट-ॲक्शन रायफली (बोल्टचा दांडा हाताने मागं-पुढं करून काडतूस भरायच्या) शेजारी-शेजारी ठेवून त्यांची तुलना करत असतो. "यातली कोणती घ्यावी?" असा प्रश्न येतो. परभणी-हिंगोलीकडच्या माणसासाठी खरं तर हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याकडे पैसे वसूल होणार की पाण्यात जाणार हे कंपनीच्या नावापेक्षा परवान्यात काय लिहिलंय, काडतूस कोणतं मिळतं आणि समोर ठेवलेला तो एक नग कसा आहे, यावर ठरतं.

आधी रायफल, मग परवाना

शस्त्र अधिनियम 1959 मध्ये पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरणार नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. रायफलीची नळी आट्यांची, म्हणजे आतून पीळदार खाचांची असते. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं आणि "रोही येतात" एवढ्यावर अर्ज पुढं सरकेल असं धरून कुणालाही विसार देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, हेही ध्यानात असू द्या. आजोबांची बारा बोअर आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर आधीच नावावर असेल, तर तिसऱ्याचा विचार तिथंच थांबतो.

आणखी एक गैरसमज इथंच मोडून काढू. हत्याराचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-डुकरासाठी वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळे मटणाचे वाटे घालणं हा सरळ गुन्हा. काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. शेतात कितीही नासधूस झाली तरी त्यांच्याकडे नळी वळवायची नाही.

अमेरिकेतली तुलना जशीच्या तशी उचलणं

ते व्हिडिओ खोटे नसतात, पण बाजार तिकडचा असतो. तिकडे या रायफली चार-पाचशे डॉलरच्या घरात नव्या मिळतात आणि काडतुसं किराणा घेतल्यासारखी. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशी रायफल आयात करता येत नाही. पूर्वी देशात आलेल्या परदेशी रायफलीच हातोहात फिरतात, म्हणून त्यांचे भाव दर्जापेक्षा टंचाईचे असतात. तिकडं "स्वस्त आणि मस्त" ठरलेली वस्तू इथं स्वस्त राहत नाही.

तरी त्या तुलनेतून शिकण्यासारखं आहे. या स्वस्त रायफलींच्या नळ्या बहुतेक चांगल्याच असतात. खर्च वाचवलेला असतो तो दस्त्यात, मॅगझिनमध्ये आणि बाहेरच्या फिनिशमध्ये. ॲक्सिसचा प्लास्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला हाताने दाबला तरी वाकतो. वाकून तो नळीला टेकला की गोळी लागण्याची जागा सरकते. रुगर अमेरिकनमध्ये बोल्टला तीन लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) असल्याने दांडा साधारण 70 अंशच उचलावा लागतो, शिवाय ॲक्शन (बोल्ट ज्यात फिरतो तो भाग) दस्त्यात धातूच्या ठोकळ्यांवर बसवलेली असते. मला त्या तिघींत हीच रुगर पैशाला जास्त न्याय देणारी वाटते. पेट्रियट दिसायला देखणी आहे, आणि दिसण्याचे पैसे मी तरी देणार नाही. टिक्का ही फिनलंडची रायफल या सगळ्यांपेक्षा सरस, पण ती स्वस्तात मोडत नाही.

यातून आपल्या कामाची चाचणी एकच. दहाची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहा. नळी मोकळी ठेवलेली रायफल असेल तर नोट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) जवळपर्यंत बिनअडथळा गेली पाहिजे. मात्र जुन्या ली-एनफील्ड (ब्रिटिश फौजेच्या रायफलीच्या) घडणीत दस्ता नळीला मुद्दाम काही ठिकाणी टेकवलेला असतो. तिथं हा नियम लावून लाकूड खरवडत बसू नका.

"8 एमएम" म्हणजे सगळं एकच, असं समजणं

आपल्याकडे सामान्य माणसाच्या वाट्याला येणारी मोठी रायफल म्हणजे .315, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची, त्याच ली घडणीची. ब्रिटिशांना आपल्या फौजेचं .303 काडतूस खाजगी हातात नको होतं, म्हणून ही वेगळी बोअर (नळीचं माप) इथं रुजली. .303 आजही निषिद्ध बोअर आहे. .315 चं काडतूस म्हणजे 8×50 आर मॅनलिखर, बुडाला कडा असलेलं. बोलताना लोक त्यालाच "8 एमएम" म्हणतात आणि घोळ इथं होतो. 8×57 माउझरलाही 8 एमएमच म्हणतात, पण ते कडेविना, वेगळ्या लांबीचं आणि जास्त दाबाचं काडतूस आहे. एकाच्या रायफलीत दुसरं बसवण्याचा उद्योग जिवावर बेतू शकतो. नळीवर कोरलेली बोअर, परवान्यावर लिहिलेली बोअर आणि डब्यावरची बोअर, तिन्ही अक्षर-अक्षर जुळवा.

काडतुसाचा पुरवठा हीसुद्धा किंमतच आहे. दुर्मीळ बोअरची परदेशी रायफल कमी भावात देतो म्हणणारा माणूस बहुतेक वेळा काडतूस मिळत नाही म्हणूनच विकत असतो. आधी डीलरकडे विचारा, की या बोअरची काडतुसं दुकानात आत्ता आहेत का? एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षात किती घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. निशाणा बसवण्यातच निम्मी संपतील, हे धरून चला.

पॉलिश बघून भाव करणं

जुन्या रायफलीचं लाकूड चकाकत असेल आणि निळसर पॉलिश ताजं असेल तर खूश होऊ नका, उलट शंका घ्या. नव्या पॉलिशखाली गंजाचे खड्डे घासून लपवता येतात. पाहायची जागा आत आहे.

रायफल रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहा. आटे धारदार दिसले पाहिजेत. पण नुसतं पाहून भागत नाही, कारण तेल आणि काजळीने खड्डे बुजलेले असतात. विकणाऱ्याला आपल्यासमोर कोरडा फडका नळीतून फिरवायला सांगा. तो नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. जुन्या साठ्यातल्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतून) नळीत क्षार उरतात. ते नुसत्या तेलाने जात नाहीत, गरम पाण्यानेच धुवावे लागतात. पाणी घालायला भिऊन वर्षानुवर्षं फक्त तेल मारलेल्या नळ्या आतून चाळणी झालेल्या असतात.

नळीचं तोंड भिंगाखाली पाहा. गोळी शेवटची सुटते ती तिथून. त्या कडेला एका बाजूला चेप असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही गोळ्या विखुरतात. पुढून सळई घालून साफ करायच्या सवयीने हे तोंड झिजतं. तोंडच बिघडलं असेल तर चांगला कारागीर ते नव्याने कापून देतो, म्हणून एवढ्यावरून रायफल नाकारू नका, भाव पाडा. चेंबरकडचे आटे झिजले असतील तर मात्र हात जोडून परत या.

बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळलाच पाहिजे. ली घडणीच्या रायफलीत बोल्ट त्या-त्या बॉडीला बसवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट घातला तरी तो छान फिरतो, पण काडतुसाच्या मागची जागा कमी-जास्त होते आणि केस (काडतुसाचं पितळी कवच) फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. नंबर वेगळा असेल तर गेजने (ती जागा मोजायच्या मापाने) तपासल्याशिवाय एकही बार काढू नका. घासाघीस इथं करायची नाही.

बिघाड कुठं आहे ते न शोधता रायफलीला दोष देणं

*गोळ्या विखुरतात.* सर्वांत आधी दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या बुडाचे स्क्रू. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. मग नळी: पहिल्या बारानंतर ती थंड होऊ द्या, बारीक नळी तापली की गोळ्या एका दिशेला सरकत जातात. पहिलीच गोळी वेगळीकडे जात असेल तर नळीत तेल राहिलंय, बारापूर्वी कोरडा फडका फिरवा. एका दिवशी एकाच लॉटची काडतुसं वापरा. आणि तीन गोळ्यांवरून निशाणा फिरवू नका. पाव मिनिटाच्या (वेळेचं नव्हे, कोनाचं मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) दुर्बिणीत एक क्लिक म्हणजे 100 मीटरवर जेमतेम 7 मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त तर आपला श्वास हलवतो. हे सगळं परवानाधारक रेंजवर करायचं, बांधावर नाही.

*काडतूस अडकतं.* .315 च्या बुडाला कडा आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढं राहिली पाहिजे. ती मागं अडकली की बोल्ट पुढं जाताना दोन्ही काडतुसं एकमेकांना ओढतात. माणूस चिडून बोल्ट आपटतो आणि मॅगझिनचे ओठ वाकवून घेतो. त्यानंतर मात्र ते खरंच बिघडतं.

*चाप ओढला, बार झाला नाही.* नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. कधी कधी बार उशिरा होतो. हे वारंवार होत असेल तर बोल्टच्या आत गोठलेलं ग्रीस किंवा मेलेली स्प्रिंग असते, नाहीतर काडतुसंच जुनी. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरा बार अजिबात नको. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

*चाप जड लागतो.* ली रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा असतो, पहिला मोकळा टप्पा हा दोष नाही. घरी कानस लावून हलका केलेला चाप रायफल जमिनीवर टेकताच सुटू शकतो. असा नग फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुर्बिणीत पैसे ओतणं

पिकाच्या राखणीचं काम 50 ते 100 मीटरचं असतं. तिथं 24 पट दुर्बीण म्हणजे अंधारात चाचपडणं. चारपट, बळकट आणि धक्का सोसणारी पुरते. वाचलेले पैसे दुर्बिणीच्या बुडाच्या चांगल्या पट्टीत घाला. आपला मुलूख सपाट आहे. चुकलेली रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटरवरच्या वस्तीपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे मागं मातीचा उंचवटा नसेल तर दुर्बिणीतून कितीही स्पष्ट दिसो, बोट चापाबाहेरच.

निवडणुकीआधी तशीच जमा करणं

आचारसंहिता लागली की हत्यारं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. परत यायला वेळ लागतो. त्यात एखादा पावसाळाही येतो. जमा करण्याआधी नळी धुऊन, कोरडी करून आतून जाडसर तेल लावा, बाहेरून पुसा. कातडी किंवा फोमच्या पिशवीत बंद करून देऊ नका, त्यात ओल धरून राहते. सुती कापडात गुंडाळून नाव-नंबराची चिठ्ठी बांधा. पावतीवर रायफल, दुर्बीण आणि मॅगझिन यांची वेगवेगळी नोंद करून घ्या. परत आणल्यावर पहिलं काम, नळीतलं ते तेल पूर्ण काढणं.